मोरपिसांचा कुंचा

कोंडाजी भांगरेची बायको पहाटे गेली. दुपारी तिरडी उचलली, तेव्हा पर्यटकांची बस दारातच येऊन थांबली.

"अहो गाईड, हे नकली आहे!" अस्सल-नकली ओळखणारा चष्मा सावरत एक बाई वैतागल्या. "चष्म्यात लाल दिवा लागलाय. मोरपिसांचा नाच कुठेय?"

तो नाच कोंडाजीनेच पर्यटकांसाठी रचला होता. वीस वर्षं खोट्या तिरडीपुढे तो नाचला, आणि त्यावरूनच चष्मे अस्सल काय ते शिकले.

"बाई, माझी बायको आहे ही."

दिवा लालच राहिला.

"दाजी, नाचा," बायकोचा सख्खा भाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "नकली ठरलो तर अख्ख्या गावाचा पर्यटनाचा परवाना जाईल."

कोंडाजीने आढ्यात खोचलेला कुंचा काढला आणि बायकोपुढे नाचायला लागला.

दिवे हिरवे झाले. मग बाईंना रडू फुटलं.