साहेबांचं पत्र

शोकप्रस्तावाची प्रत घेऊन आमदार हितेंद्र परुळेकर परळच्या चाळीत जातीने आले, तिथेच निम्मी चाळ गहिवरली. टपालाने पाठवून मोकळे झाले असते तर कोण विचारणार होतं? महिन्यापूर्वी पुनर्विकासाच्या बैठकीत चाळीतल्याच एकाने पिस्तूल काढून सहा माणसं मारली होती. त्यांतला एक धम्मपाल. त्याची बायको वैशाली दारातच उभी होती.

विधानसभेच्या शिक्क्याचा तो कागद तिने दोन्ही हातांनी घेतला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, धम्मपालच्या फोटोशेजारी ठेवला. सगळे आमदार उभे राहिले होते का, असं तिच्या सासूने, सुंदराबाईंनी, विचारलं. राहिले होते, साहेब म्हणाले. सत्ताधारी, विरोधक, झाडून सगळे, दोन मिनिटं. म्हातारीला तेवढ्यानेच भरून आलं.

त्या दोन मिनिटांत साहेबांच्या मनात काय चाललं होतं, ते साहेबांनाच ठाऊक. खाई त्याला खवखवे! दोन वर्षांपूर्वी त्या गोळ्या झाडणाऱ्या माणसाला पिस्तुलाचा परवाना हवा होता, तेव्हा शिफारसपत्र दिलं होतं ते यांनीच. 'सदर गृहस्थांना मी व्यक्तिशः ओळखतो.' ओळखतात डोंबल! रोज सकाळी कार्यालयात शंभर माणसं येतात. पत्र मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता. सभागृहात मान खाली घालून ते एकच घोकत होते, ती फाईल कुणी उघडू नये. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव मनात आलं नाही, याची आता त्यांना लाज वाटत होती.

आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते जिना चढले होते. कार्यकर्त्यांनाही म्हणूनच खाली थांबवलं होतं. चहा पुढ्यात आला. साहेबांनी घसा खाकरला.

तेवढ्यात वैशालीच म्हणाली की तिचं एक काम होतं. धम्मपाल महापालिकेत होता, त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळू शकते म्हणतात. साहेबांचं पत्र तेवढं हवं होतं. मजकूर तिने तयारच ठेवला होता, शेजारणीच्या एका जुन्या पत्रावरून उतरवलेला. 'श्रीमती वैशाली यांना मी व्यक्तिशः ओळखतो.' खाली सहीपुरती जागा.

साहेबांनी पेन काढलं, कागद मांडीवर घेतला. हात काही पुढे जाईना. धम्मपालला ते कधी भेटले नव्हते; फोटोतला चेहराही आजच पाहत होते.

ओळख नाही म्हणून थांबले असतील, असं सुंदराबाईंना वाटलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून साहेबांना जागा करून दिली.

"करा सही, साहेब," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुमचं पत्र गेलं की काम होतंच. अख्ख्या चाळीला ठाऊक आहे."