हातचं पाणी

“आजपर्यंत ज्यांचा बाप्तिस्मा बाईच्या किंवा अनैतिक पुरुषाच्या हातून झाला, तो बाप्तिस्मा नव्हे. असा माणूस आजपासून या मंडळीचा सभासद नाही.”

प्रमुख पंच प्रभाकर साळवे यांनी ठराव वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. एकोणीसशे त्र्याण्णवच्या मार्चमधला रविवार होता. पनवेलच्या मराठी मंडळीची उपासना आटोपली होती आणि आता खरं काम सुरू झालं होतं.

खरं काम म्हणजे आभाबाईंना घालवणं. रेव्हरंड आभा वर्षभराच्या नेमणुकीवर पाळक म्हणून आल्या होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, यावर आज सभासदांनी हात वर करायचे होते. बाई उपदेश बरा करतात, आजाऱ्याच्या घरी जातात, हे प्रभाकररावांनाही नाकारता येत नव्हतं. पण साडी नेसलेलं कुणी वेदीपाशी उभं राहून भाकर मोडतं, हे त्यांना बघवत नसे. वर्षभर त्यांनी बाईंच्या हातचं प्रभुभोजन घेतलं नाही. नाताळातल्या करंज्या मात्र बाईंच्या हातच्या चालल्या, चांगल्या डबा भरून.

अडचण होती ती कोन गावच्या अठ्ठावीस माणसांची. ही शेतकरी घरं आभाबाईंच्या बाजूची. त्यांचा बाप्तिस्मा केला होता आधीच्या पाळकांनी, रेव्हरंड इंद्रजीत यांनी. इंद्रजीत आपल्या मित्राबरोबर राहत. मित्र शाळेत शिकवायचा. दोघं मिळून स्वयंपाक करत, संध्याकाळी तळ्यावर फिरत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दीड वर्षापूर्वी प्रभाकररावांनी चौकशी समिती नेमली, समितीवर स्वतःलाच घेतलं आणि आठवड्याभरात इंद्रजीतला पनवेल सोडायला लावलं. “बायल्या गेला, आता बाई आली,” असं ते पंचांच्या बैठकीत म्हणाले होते, आणि चारही पंच पोट धरून हसले होते.

सभासदांची यादी पाच पंचांच्या हाती. ज्याच्या हाती ससा तो पारधी. इंद्रजीतने दिलेला बाप्तिस्मा रद्द, की कोनचे अठ्ठावीस हात आपोआप गळाले. पंचांना हे फार हुशारीचं वाटत होतं.

दाराशी गुणाबाई हजेरीच्या कागदावर अंगठा उठवत होती. एके काळी ती मिशनची सुईण होती. आता पंचाहत्तरीत घंटा वाजवायची आणि चहा करायची. तरुणपणीच विळीने कापल्यामुळे तिच्या अंगठ्यावर आडवी खोल खूण होती. तेवढी रेघ शाईत कोरीच राहायची.

“अंगठेबहाद्दर, आटपा,” प्रभाकरराव म्हणाले. पंच हसले.

कोनचा शिवा उठला. “साहेब, आमी काय केलं? पानी देवाचंच होतं ना?”

“पाणी देवाचं, शिवा. पण हात कुणाचा, ते बघावं लागतं.”

“त्याच हातांनी माज्या लेकीला, भामाला, काविळीत औषध पाजलं. महिनाभर रोज येत व्हते ते. तवा तुमच्यातला एक पन आला नाय.”

“तो विषय वेगळा,” प्रभाकरराव म्हणाले. मग त्यांनी आपली नेहमीची गोष्ट काढली. “माझ्याकडे बघ. एक्केचाळीस साली गाढी नदीला पूर, मी जन्मलो तो श्वासच घेईना. तसल्या पुरातून गोरा साहेब आला आणि त्याने माझ्या डोक्यावर पाणी घातलं. आई मरेपर्यंत सांगायची. त्याला म्हणतात बाप्तिस्मा.”

ही गोष्ट मंडळीला पाठ होती. गुणाबाई मात्र पदराशी चाळा करत पुढे आली.

“भाऊ, नको करू हे. मी काय सांगते ते—”

“तू चहाचं बघ.”

आभाबाई उठल्या. “प्रभाकरराव, ठराव मताला टाकण्याआधी बाप्तिस्म्यांचं जुनं रजिस्टर एकदा चाळून घेता का? मिशनच्या बंगल्यातून गेल्याच महिन्यात आलंय.”

“बाईंनी मला रजिस्टर शिकवू नये.”

“बरं. ठराव कधीपासून लागू करायचा? इंद्रजीत आले तेव्हापासून?”

प्रभाकररावांना त्यात कावा दिसला. तसं लिहिलं तर बिशप म्हणणार, एका माणसावर डूख धरून केलं. “मंडळी स्थापन झाली तेव्हापासून. सगळ्यांना एकच न्याय. रजिस्टर सांगेल तो सभासद, बाकी बाहेर. लिही, दयाराम.”

चिटणीस दयारामने लिहिलं. पाचही पंचांचे हात वर झाले, शिक्का बसला. कोनची माणसं उठून मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. शिवाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं. गुणाबाई खाली मान घालून बसली होती.

प्रभाकररावांना आता औदार्य सुचलं. “आणा ते रजिस्टर. खरा बाप्तिस्मा कसा असतो, ते जाता जाता यांनाही कळू दे.”

आभाबाईंनी कपाटातून जाडजूड वही काढली, एक्केचाळीस सालचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवली. “तुम्हीच वाचा.”

त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. “‘सतरा ऑगस्ट. मुलगा, प्रभाकर. जन्मतः अत्यवस्थ. साहेब मोरा बंदरात अडकलेले, होड्या बंद—’”

ते थांबले.

“वाचा की पुढे,” दयाराम म्हणाला. “बाप्तिस्मा देणाऱ्याची सही कुणाची आहे?”

सही नव्हती. त्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा होता, मधोमध आडवी कोरी रेघ असलेला.