सुनावणीला हजर

थोरले वकील तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले, तेव्हा न्यायाधीशांना आधी वाटलं, मुद्दा शोधताहेत. अर्धं मिनिट गेलं. मग शिरस्तेदार आपल्या चौकटीतून म्हणाले, "साहेब, त्यांचं नेट गेलं."

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. साथीमुळे कोर्टाची इमारत बंद होऊन तीन महिने झाले होते. घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते कामकाज चालवत होते. पाठीमागची भांडी दिसू नयेत म्हणून बायकोने चादर टांगून दिली होती. दर सुनावणीत कुणी ना कुणी "आवाज येतोय का?" विचारायचंच. हा न्याय नव्हे, ही फोनवरची विचारपूस झाली, असं ते बायकोला रोज ऐकवायचे आणि ती रोज न ऐकल्यासारखं करायची.

आजचं प्रकरण पुढे ढकलण्यासारखं नव्हतं. एक नर्स होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. ड्युटी वाढली तशी तिने सहा वर्षांच्या मुलीला थोड्या दिवसांसाठी सासू-सासऱ्यांकडे ठेवलं, आणि आता ते मुलीला परत पाठवायला तयार नव्हते. साथीच्या वॉर्डातली आई घरात रोग आणेल, असं त्यांचं म्हणणं. थोरले वकील तिची बाजू मांडत होते. नर्स गणवेशातच बसली होती. नाकावर मास्कचा वळ उठलेला.

"पुढची तारीख देऊ का?" शिरस्तेदारांनी विचारलं.

तेवढ्यात नवी चौकट उघडली. पंचेचाळिशीच्या एक बाई, काळा कोट, पांढरा बँड, मागे पुस्तकांची भिंत.

"साहेब, परवानगी असेल तर पुढे मी बोलते. मी या प्रकरणात वकील आहे. अर्ज मीच लिहिलाय."

न्यायाधीश सावरून बसले. थोरल्या वकिलांचे अर्ज त्यांना फार आवडत. एक शब्द इकडचा तिकडे करता यायचा नाही. पण तोच माणूस बोलायला उभा राहिला की दुसऱ्याचा कोट अंगात घातल्यासारखा अवघडायचा. हे कोडं त्यांना गेली अकरा वर्षं सुटलं नव्हतं.

"बोला," ते म्हणाले.

समोरच्या वकिलांनी आधी आपलं म्हणणं मांडून घेतलं. "आईच्या मायेबद्दल वाद नाही. पण साथ घरात शिरली, तर जबाबदार कोण?"

"अर्जाचं शेवटचं पान बघावं," बाई म्हणाल्या. आवाज शांत, घाई कसलीच नाही. "गेल्या महिन्यात मुलीच्या आजोबांनाच ही लागण झाली. नऊ दिवस ते आईच्याच वॉर्डात होते. बरे झाले, तपासणी स्वच्छ आली, घरी गेले, आणि त्याच संध्याकाळी नात त्यांच्या मांडीवर बसली. त्यात काही चुकलं नाही. आईची तपासणीही दर ड्युटीनंतर होते. मग तिलाच वेगळा नियम का? त्या नऊ दिवसांत आजोबांना पाणी कोण पाजत होतं, ते मी विचारत नाही."

आजोबांनी चौकटीत मान खाली घातली. मग घसा खाकरून, वकिलांकडे न बघता, ते म्हणाले, "सूनच पाजत होती, साहेब."

त्यानंतर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. आठवडाभर ड्युटी, आठवडाभर विलगीकरण, तपासणी, आणि मग सुटीचा सबंध आठवडा मुलगी आईकडे. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे आदेश सांगितला. नर्सचे ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. आजोबांच्या खांद्यामागून एक बोट पडद्याकडे आलं.

"आई, माईक लाव ना!"

सगळ्या चौकटी हसल्या. समोरचे वकीलसुद्धा.

मंडळी एकेक करून निघाली, तरी न्यायाधीशांनी बाईंना थांबवून घेतलं. "थोरल्या वकिलांचे बाकीचे अर्जही तुमचेच का?"

"बरेचसे, साहेब."

"मग इतकी वर्षं माझ्यासमोर आला का नाहीत? लाजता का?"

बाई मोकळेपणाने हसल्या. "लाज कसली! इमारत बंद होईपर्यंत मी तर रोज यायचे. तळमजल्यावर टायपिस्टच्या खोलीत बसून लिहायचे. तुमचं कोर्ट तिसऱ्या मजल्यावर, माझी खुर्ची चाकांची. लिफ्ट आहे, पण तिच्यावर पाटी आहे, 'फक्त न्यायाधीशांसाठी'."

ती पाटी न्यायाधीशांनी रोज पाहिली होती. वाचली कधी नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी वरिष्ठांना दोन पत्रं लिहिली. एक पाटीबद्दल. दुसरं, ज्यांना कोर्टात पोचणं जमत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरची सुनावणी साथ सरल्यावरही चालू ठेवावी, याबद्दल. बायकोने दुसरं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे नक्की तुम्हीच लिहिलंत?"

दोन्ही मागण्या मान्य व्हायला पाच महिने लागले.

इमारत उघडली त्या सकाळी न्यायाधीश नेहमीसारखे लिफ्टपाशी आले. दार उघडं होतं. आत बाईंची खुर्ची, काठी टेकणारे एक म्हातारे गृहस्थ, दिवस भरत आलेली एक साक्षीदार आणि तिची आई. लिफ्टमन ओशाळून म्हणाला, "साहेब, जागा नाही हो. पुढच्या फेरीला घेतो."

"सावकाश न्या," न्यायाधीश म्हणाले आणि जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, कठड्याला टेकून ते स्वतःशीच हसले.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते कोर्ट पाच मिनिटं उशिरा सुरू झालं. वकील बाई वेळेवर हजर होत्या. खोळंबा न्यायाधीशांमुळे झाला होता.