तीन वर्षं एकच धडा

आई गेल्यापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं. या निवृत्त इंग्रजी मास्तरांचं तोंड उघडायचं ते फक्त संध्याकाळी, शेजारच्या शिंप्याला प्रेझेंट परफेक्ट शिकवताना. "‘हॅव’पुढे क्रियापदाचं तिसरं रूप! अरे दगडा, तीन वर्षांत गाढवसुद्धा शिकलं असतं!" मग दोन घास जास्त जेवून ते लेकीला फोन करायचे आणि त्याची नवी चूक रंगवून सांगायचे.

बाबा गेल्यावर आठवड्याने शिंपी वही घेऊन दारात उभा राहिला. "ताई, मास्तरांनी दिलेला गृहपाठ राहिला होता. तपासता?"

लेकीने बाबांचं लाल पेन घेतलं. दहाच्या दहा वाक्यं अचूक होती.

"काका, हे जमलं कधी?"

 

"पहिल्याच आठवड्यात. पण सांगितलं असतं, तर मास्तर पुन्हा गप्प बसले असते."