अर्धा बन

"अर्धा," ओर्यान कुजबुजला. "गुनवोर, अर्धाच ने."

गुनवोरनं दालचिनीच्या बनावर सुरी टेकवली.

बुद्धिबळाचे बाकीचे सगळे डाव संपले होते. उरला होता एकच, तिच्या नवऱ्याचा. समोर बसलेल्या, लुंड शहराच्या संघातल्या मुलीनं सिक्स्टेनला नुकतंच विचारलं होतं, बरोबरी?

बरोबरी म्हणजे अर्धा गुण. अर्धा गुण म्हणजे क्लब वरच्या गटात टिकला. हरला, तर खाली.

ओर्यान कप्तान होता, पण चालू डावात खेळाडूशी बोलायचं नाही. म्हणून या क्लबात कॉफी बोलते. बशीत अर्धा बन, म्हणजे बरोबरी घे.

घोडा कसा चालतो हे गुनवोरला अजून धड माहीत नव्हतं. पण अर्धे बन तिनं आयुष्यभर नेले होते.

अर्धा माल्मोत.

अर्धा रेक्याविकला, त्याला ताप असताना.

अर्धा जगज्जेत्यासमोर. (पेपरात फोटो आला. फोटोत बशीही होती.)

ग्रँडमास्टर झाला तोही अर्ध्यावरच.

'अर्धा सिक्स्टेन' म्हणायचे त्याला. तो हसायचा. घरी आला की मात्र खिडकीशी बसून तोच डाव पुन्हा मांडायचा आणि एकटाच पुढे खेळत राहायचा. गुनवोर पलंगावरून सोंगट्यांचा आवाज ऐकायची. पहाटेपर्यंत.

तिनं मान वर केली. सिक्स्टेनचे कान लाल झाले होते.

"ओर्यान, त्याचे कान बघ."

"उकडत असेल."

"मार्चमध्ये? हीटर तर तूच बंद केलास, कंजूष माणसा."

एवढे लाल कान तिनं एकदाच पाहिले होते. जूनमधल्या मिडसमर सणाच्या नाचात, सगळ्या गावासमोर, तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला होता तेव्हा.

"अगं, काप ना!" ओर्यान रडकुंडीला आला. "म्हातारा आज लढायला लागला तर पुढच्या वर्षी गोठ्यात खेळावं लागेल आपल्याला!"

"गोठा ऊबदार असतो," गुनवोर म्हणाली. सुरी खाली ठेवून तिनं बशी उचलली.

टेबलाशी गेली. कॉफी ठेवली. शेजारी बशी सरकवली.

सिक्स्टेननं बशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा बशीकडे.

बन अख्खा होता.

"नको," तो लुंडच्या मुलीला हळूच म्हणाला. "खेळू या." आणि त्यानं वजीर उचलला.

गुनवोर परत आली तेव्हा ओर्यान डोकं धरून बाकावर बसला होता.

"आणि हरला तर?"

"तर आज घरी जाऊन झोपेल," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कॉफीला पाणी चढवलं. या क्लबात सिक्स्टेनच्या डावाला दुसरी कॉफी आजवर कधी लागली नव्हती.