तौलनिक अभ्यास

तौलनिक अभ्यासापुढे अन्याय टिकत नाही, अशी खरे मास्तरांची श्रद्धा होती. म्हणून बावन्न साली त्यांचा डोंबिवलीतला घरमालक, धाकूशेट, "पहिल्या तारखेपासून बाराचे चौदा रुपये द्या, नायतर खोली सोडा," असं बजावून गेला, तेव्हा ते भांडले नाहीत. ओळीने चार रविवार चपला झिजवून त्यांनी गावोगावच्या भाड्यांचा तक्ता केला.

"अहो, त्याला वाचता कुठे येतं?" बायको म्हणाली.

"मी वाचून दाखवीन."

धाकूशेट ओट्यावर बसला होता. मास्तरांनी खणखणीत आवाजात वाचलं, "दिवा गावात सहा. विठ्ठलवाडीला आठ. कल्याणला नळासकट दहा. आणि तुम्ही विहिरीच्या पाण्यावर चौदा मागता!"

धाकूशेट एकदम पुढे सरकला. "पुन्ना वाचा, मास्तर."

मास्तरांना जोर चढला. त्यांनी पुन्हा वाचलं.

"यातली रिकामी खोली कंची हाय? माझा जावई चार महिने हिंडतोय."

मास्तरांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला.

"रिकामी एकही नाही."

पहिल्या तारखेला त्यांनी चौदा रुपये दिले.