मधखाऊ

तुळपुळ्यांनी 'मधखाऊ' या शब्दावर लाल काट मारली आणि वर 'अस्वल' लिहिलं. पुस्तकाच्या दुकानामागच्या खोलीत हे प्रकाशक असंच संपादन करत. समोर शालनताई बसल्या होत्या. रशियन लोककथांच्या त्यांच्या अनुवादाचा जीव त्या एका शब्दात होता.

"अहो, कथेतली म्हातारी अस्वलाचं नाव घेत नाही. घेतलं तर ते दारात येईल, ही तिची भीती. रशियनांनी त्याचं खरं नाव असंच टाळलं आणि पुढे विसरूनही गेले. आज तिथे सगळेच त्याला मधखाऊ म्हणतात. जादू आहे ती त्या शब्दातच."

"तिथली जादू तिथे, ताई. मराठी माणूस शब्दाला भीत नाही. 'अस्वल' ठेवा, नाहीतर पुस्तक राहू द्या."

बाहेर दिवे लागले होते. तुळपुळ्यांनी नोकराला हाक मारली, "हरबा, चल, दुकान वाढव."

"'बंद कर' का नाही म्हणालात?" ताईंनी विचारलं.

"शुभ बोला हो! दिवेलागणीला, धंद्याच्या जागेत 'बंद' म्हणायचं? उद्या खरंच..."

वाक्य तसंच राहिलं. तुळपुळे स्वतःशीच हसले. त्यांनी 'अस्वल' खोडलं आणि काट मारलेल्या शब्दाखाली ठिपके दिले. छापखान्याच्या भाषेत याचा अर्थ, शब्द होता तसा ठेवा.

शालनताई ताठ मानेनं उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "बरं, येते."

"बघा, 'जाते' तुम्हीही नाही म्हणालात!"

"कशी म्हणेन? पुढचं पुस्तक घेऊन यायचंय मला."